जपणूक

“फरक तर पडायला हवा, पण पडलाय असं कुणाला वाटायला नको,” शर्वरी म्हणाली, आणि आपण काहीतरी खुळ्यासारखं बोललो असं वाटून तिनं पर्स मांडीवर ओढून घेतली.

डॉ. नसीम तांबोळींना त्यात खुळ्यासारखं काही वाटलं नाही. मिरजेतल्या त्यांच्या दवाखान्यात छातीचा आकार वाढवून घ्यायला येणाऱ्या बहुतेक जणींचं मागणं हेच असायचं. डोळ्यांत भरेल असं कुणालाच नको होतं. शेजारणींनी कुजबुजू नये, लेकीला शाळेत कुणी काही बोलू नये, आणि आरशात मात्र जरा बरं दिसावं. तिकडे मंगळावर माणसं मेथी उगवून दाखवत होती, आणि इकडे बायकांची इच्छा होती तिथंच होती.

“कुणाकुणाच्या लक्षात यायला नको?” डॉक्टरांनी विचारलं.

“सासूबाईंच्या तर मुळीच नको. लॅबमधल्या मैत्रिणींच्या नको. मुलगी नऊ वर्षांची आहे, रेवा. तिच्याही नको.”

“आणि मिस्टरांच्या?”

शर्वरी घुटमळली. “त्याच्या आलं तर... चालेल.”

चालेल कसलं! त्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. रेवाच्या जन्मानंतर, थायरॉईडनंतर, वजनाच्या चढउतारांनंतर तिचे ब्लाउज पुढून सैल पडायला लागले होते. केसांत पांढरं दिसत होतं, हनुवटीखाली मांस आलं होतं. सुयोगनं यातल्या कशाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. ती विचारायची, “कशी दिसते रे मी?” तो ताटातून मान वर करायचा, चांगला निरखून बघायचा आणि म्हणायचा, “होतीस तशीच आहेस.” पहिली काही वर्षं ती या वाक्यावर खूश होती. पुढं ते टोचायला लागलं. तिनं लांबसडक केस कापून खांद्यापर्यंत आणले, त्या दिवशीही तो हेच म्हणाला होता. या माणसानं आपल्याकडे बघून एकदा तरी थबकावं, “आज काहीतरी वेगळं वाटतंय” म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. फार नव्हतं मागणं.

“आपण नजरमाप करू,” डॉक्टर म्हणाल्या.

नजरमाप हे त्यांच्याकडचं नवं यंत्र. त्यामागचं शास्त्र मात्र जुनं होतं, आणि डॉक्टर ते भाजीच्या पिशवीवरून समजावून सांगायच्या. रिकाम्या पिशवीत कुणी लिंबू टाकलं तर हाताला कळतं. पिशवीत पाच किलो बटाटे असतील तर तेच लिंबू कळत नाही. फरक जाणवायला किती फरक पडावा लागतो, ते आधी काय होतं त्यावर ठरतं. डोळ्यांचंही तसंच. शिवाय घरचं माणूस आपल्याला रोज नव्यानं बघत नाही. त्याच्या मेंदूत आपलं एक चित्र तयार असतं. समोर दिसतं ते त्या चित्राशी साधारण जुळलं की मेंदू पुढच्या कामाला लागतो. न जुळण्याइतका फरक पडला तरच नजर अडखळते. कुणाची नजर किती फरकाला अडखळते, हे काढता आलं तर कुणाला काय कळेल तेही आधी सांगता येतं.

आणि ते काढणं आता सोपं झालं होतं, कारण चष्मे घरोघरी पोचले होते. हा चष्मा म्हणजे नुसती काच नव्हे. समोरचं टिपून घ्यायचं आणि डोळ्यापुढं स्वच्छ चित्र काढायचं, असं त्याचं काम. नजर कुठं गेली, कुठं रेंगाळली, कुठं परत वळली, याची नोंद तो ठेवायचा. घरातल्या सगळ्यांचे चष्मे एकाच योजनेत असायचे, आणि ती योजना घेताना सगळ्यांनी न वाचता ‘मान्य’वर बोट ठेवलेलं असायचं. कुटुंबातल्या कुणालाही ती नोंद मागवता येते, हे त्या न वाचलेल्या भागातच लिहिलेलं होतं.

“यंत्र नजरेचं सांगेल,” डॉक्टरांनी दोन छोट्या सुती पिशव्या पुढं केल्या. “ओझ्याचं तुमच्या खांद्यांनाच विचारायला हवं. यात तांदूळ भरा आणि घरात घालून वावरा. पाऊण वाटीपासून सुरुवात करा.”

सांगलीला परतताना शर्वरीला हसू आलं. अकरा वर्षांपूर्वी तिनं उंबऱ्यावरचं तांदळाचं माप पायानं लवंडून त्या घरात पाऊल टाकलं होतं. आता तेच तांदूळ छातीशी बांधून फिरायचं होतं.

पाऊण वाटी तिला बरी वाटली. ब्लाउज नीट बसला, खांदे कुरकुरले नाहीत. सकाळी ती पोळ्या लाटत असताना सासूबाई चहाचा कप ठेवायला आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. त्या तासगावकडच्या. नवरा गेल्यापासून त्या लेकाकडे राहत होत्या आणि सुनेच्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं काही ना काही म्हणणं असायचं.

“काय गं, छातीला काय झालंय तुझ्या?”

“कुठं काय, आई?”

“मला काय दिसत न्हाई व्हय? काल अशी नव्हतीस. सूज हाय का? गाठबीठ न्हाई न्हवं?” सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला. “माझ्या धाकट्या भैनीचं असंच झालं हुतं. लाजून कुणाला बोलली न्हाई ती.”

“नाही हो आई. नवीन ब्लाउज आहे.”

सासूबाईंनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नव्हता. जाताजाता त्यांनी ओट्यावरचा तांदळाचा एक दाणा उचलला, शर्वरीकडे बघितलं आणि डब्यात टाकला.

सुयोगच्या मात्र काही लक्षात आलं नाही. तो कुपवाडच्या कारखान्यात इंजिनिअर होता, साधा, निर्व्यसनी, घरी वेळेवर येणारा. शर्वरीनं अख्खी वाटी भरून बघितली. तो समोर बसून जेवला आणि त्यानं शेंगदाण्याची चटणी मागितली. मग तिला ईर्षा चढली. तिनं दीड वाटी भरली, अंगासरशी बसणारा कुर्ता घातला आणि त्याच्या पुढ्यात उभी राहिली. तिचं तिलाच कसंतरी होत होतं.

“कशी दिसते?”

सुयोगनं नीट, वेळ घेऊन बघितलं. त्याच्या नजरेत माया होती, ती नाकारता येण्यासारखी नव्हती.

“होतीस तशीच आहेस गं,” तो म्हणाला.

नजरमापाचा निकाल घ्यायला ती पुन्हा मिरजेला गेली तेव्हा डॉक्टर पडद्यावरचे आकडे पुन्हा तपासत होत्या.

“सासूबाईंची नजर फार बारीक आहे तुमच्या. अर्ध्या वाटीलासुद्धा अडखळेल. तुमच्याकडे इतकं लक्ष देऊन दुसरं कुणीच बघत नाही.”

“खुसपटं काढायला,” शर्वरी म्हणाली, पण म्हणताना तिला ती गाठीची विचारपूस आठवली.

“मुलीला पाऊण वाटीपर्यंत कळणार नाही. मैत्रिणींची नोंद आपल्याला मिळत नाही, पण बाहेरच्यांना वाटीभरसुद्धा कळत नाही.”

“आणि सुयोगला?”

“त्यांची मर्यादाच येत नाहीये. मी आकार वाढवत गेले. यंत्राच्या शेवटच्या आकड्यापर्यंत गेले. त्यांच्यापर्यंत फरक पोचतच नाही, असं यंत्र सांगतंय.”

शर्वरी द्राक्षांच्या लॅबमध्ये काम करायची. परदेशी जाणाऱ्या मालात औषधांचा अंश किती उरलाय, ते तपासायचं. यंत्राला अंश पकडता आला नाही की लॅबमधल्या सगळ्याजणी ‘सापडला नाही’ असं लिहायच्या, ‘नाही’ असं कधी लिहायच्या नाहीत. दोन्हींत फरक असतो, हे ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवायची.

“म्हणजे तो माझ्याकडे बघतच नाही?” तिनं विचारलं. हे तिला अपेक्षित होतं. त्याची भीती तिनं आधीच गिळून ठेवली होती.

“बघतात. भरपूर बघतात. प्रेमानं बघणाऱ्या माणसाची नजर जिथं जिथं थांबते, तिथं थांबते.” डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. “खरं तर हे मी सांगायचं नसतं. त्यांनी तुम्हाला जपणुकीत ठेवलंय.”

जपणूक म्हणजे काय ते शर्वरीला अर्धवट माहीत होतं. सगळं काही दर क्षणाला नव्यानं काढायचं तर चष्म्याची बॅटरी भराभर उतरते. म्हणून रोजच्या ओळखीच्या वस्तू, म्हणजे भिंती, कपाट, पंखा, तो साठ्यातल्या चित्रावरून दाखवतो. भिंतीला ओल आली तरी मालकाला कितीतरी दिवस कोरडीच भिंत दिसते, अशा तक्रारी तिनं ऐकल्या होत्या. माणसांच्या बाबतीत असं आपोआप होत नाही, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं. ते मुद्दाम करावं लागतं. चष्म्याच्या दांडीवर बोट धरायचं, त्या माणसाकडे बघायचं आणि म्हणायचं, ‘जपून ठेव.’ मग ओठ हलतात ते आजचे, हसू आजचं, कपड्यांचा रंग आजचा. चेहरा, केस, बांधा मात्र त्या दिवसाचा. फोटोत बघितलं तरी तोच. चष्मा बदलला तरी जपलेलं नव्या चष्म्यात येतं.

“कधीपासून?” शर्वरीनं विचारलं.

“ते यंत्र दाखवत नाही.”

ते विचारायची गरजही नव्हती. सुयोगचा नंबर मायनस नऊ. चष्मा काढला की त्याला हातभर अंतरावरचं माणूसही पुसट दिसायचं. म्हणजे चष्म्यातून जी दिसायची तेवढीच त्याची बायको. होतीस तशीच आहेस. तो कधी खोटं बोललाच नव्हता.

रविवारी सकाळी सुयोग अंगणात मोटरसायकल धूत होता. सासूबाई रेवाला घेऊन देवळात गेल्या होत्या. शर्वरीनं मिरजेचं सगळं सांगून टाकलं आणि विचारायचं ते सरळ विचारलं.

सुयोग दचकला नाही की ओशाळला नाही. त्यानं नळ बंद केला.

“त्यात लपवण्यासारखं काय आहे? आपला पहिला पाडवा होता बघ. तू हिरव्या साडीत ओवाळत होतीस. वाटलं, हे असंच राहावं. म्हणून जपून ठेवलं. नंतर खरंच विसरून गेलो.”

“अकरा वर्षं?”

“सवय होते गं.”

“रेवाला नाही जपलंस?”

“ती वाढतेय. कशी वाढतेय ते बघायला नको?”

“आणि ही गाडी?”

“गाडीला ओरखडाबिरखडा आला तर दिसायला नको?” सुयोग बोलून गेला, मग जरा गडबडला. “तसं नव्हे शरू. तू आमच्या कंपनीतल्या लोकांचं बघ. एकानं बायकोवर नटीचा चेहरा चढवलाय, उघड सांगतो. मी तुझ्यावर तुलाच ठेवलंय. दुसऱ्या कुणाकडे बघितलं नाही कधी. मी तुला जपलंय, आणि तू भांडतेस!”

तो लबाड असता तर बरं झालं असतं. तिला चार शब्द सुनावता आले असते. पण तो अगदी मनापासून बोलत होता, आणि त्यामुळंच तिचा संताप वाढला. या घरात तिला सवत होती. तिनं वाढलेलं जेवण, तिनं काढलेली आजारपणं, तिनं खाल्लेले टोमणे, सगळ्याचं श्रेय ती हिरव्या साडीतली पोरगी घेत आली होती. आणि त्या पोरीशी भांडायचं तर कसं? नावसुद्धा तेच होतं.

“बंद कर ते,” शर्वरी म्हणाली.

“करतो की.” सुयोग हात पुसत विचारात पडला आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. “हे बघ, तू मिरजेला ते करून घेणार आहेस ना? मग मी तुझी ती जपलेली आकृती डॉक्टरांना पाठवतो. यंत्र बरोब्बर तेच माप काढेल. तू घरी येशील त्या दिवशी मी जपणूक बंद करतो. मला काही फरकच जाणवणार नाही!”

मला काही फरकच जाणवणार नाही. हे त्यानं आनंदानं सांगितलं. आणि खोटं कशाला बोला, शर्वरीलाही मोह झाला. सवतीला घालवता येत नसेल तर निदान तिच्यासारखं होता येतंय, हा विचार तिच्या मनात आला, आणि ती “बरं” म्हणाली.

सुयोग सोबत यायला निघाला होता. सासूबाईंना संशय यायला नको म्हणून तिनंच त्याला घरी थांबवलं आणि लॅबचं काम सांगून ती एकटी निघाली. हल्ली ही शस्त्रक्रिया दिवसभरात उरकायची. संध्याकाळी सुयोगनं घ्यायला यायचं, असं ठरलं होतं. डॉक्टरांनी पुढून बटणं असलेला सैल शर्ट घालून यायला सांगितलं होतं. असला पुरुषी शर्ट तिनं जन्मात घातला नव्हता, तो तिनं वाटेत विकत घेऊन दवाखान्यात अंगावर चढवला.

“आकृती आलीये मिस्टरांची,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी खोलीतला दिवा मंद केला.

खोलीच्या मधोमध ती पोरगी उभी राहिली. हिरवी साडी, कमरेपर्यंत वेणी, नाकात नथ. ओवाळण्यासाठी तिचे हात पुढं आलेले होते. ताम्हन जपलेलं नव्हतं, त्यामुळं हातांत काहीच नव्हतं.

“डावीकडे एकशे साठ मिली भरावं लागेल, उजवीकडे एकशे पंचेचाळीस,” डॉक्टर सांगत होत्या. “छान माप आहे. अगदी नैसर्गिक दिसेल. सासूबाईंना कळेल, पण त्यांना तर कशानंही कळेल.”

शर्वरी तिच्याभोवती एक फेरी मारून आली. काखेखाली ब्लाउजच्या शिवणीपाशी ती थांबली. तिथली आतली शिलाई उसवलेली होती, आणि घाईघाईनं घातलेल्या टाक्यांचा दोरा वेगळ्याच हिरव्या रंगाचा होता.

तिला तो दोरा आठवला. पाडव्याच्या सकाळी हुक लागेनात म्हणून तिनं स्वतःच दार लावून शिलाई उसवली होती. छाती दुखत होती, भरून आली होती. पाळी चुकलेली होती, आणि ती बातमी तिनं अजून कुणालाच दिली नव्हती. संध्याकाळी ओवाळून झाल्यावर सुयोगच्या कानात सांगायची, असं ठरवलं होतं. सांगितलीही. पुढच्याच आठवड्यात ते पडून गेलं. सुयोग दवाखान्यात तिचा हात धरून बसला होता, तिच्याबरोबर रडला होता. पण पाडव्याची आकृती आणि ते मूल, या दोन गोष्टी त्यानं कधी एकत्र जोडून बघितल्या नाहीत. जोडणार कसा? त्याला ती सुंदर दिसली, एवढंच त्याला ठाऊक होतं.

शर्वरी खुर्चीत बसली आणि रडली. डॉक्टरांनी दिवा लावला आणि पाण्याचा ग्लास पुढं केला.

“हे माप माझं नाही,” शेवटी शर्वरी म्हणाली. “कधीच नव्हतं. हे आमच्या न झालेल्या बाळाचं आहे. चारसहा आठवडे आलं आणि गेलं. तो अकरा वर्षं तेच बघतोय.”

डॉक्टरांनी ती पोरगी बंद केली. “मग तुमचं तुम्ही ठरवा. पाऊण वाटी बरी वाटली म्हणाला होतात. तेवढं करू. आजच करता येईल.”

“पाऊण वाटी त्याला दिसावी म्हणून होती.” शर्वरीनं नाक पुसलं. “आधी आहे ती तरी त्याला दिसू दे. मग बघू, काय कमी पडतंय ते.”

हे बोलताना तिला बरं वाटलं. बसमध्ये खिडकीशी बसून येताना तर तिला चक्क हलकं वाटत होतं. आज सुयोग जपणूक बंद करणार होता. त्याला धक्का बसेल, कदाचित वाईटही वाटेल, पण अकरा वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याकडे बघून थबकेल. तेवढ्यासाठीच तर ती मिरजेला गेली होती, आणि ते न कापता-शिवता मिळणार होतं. लवकर येतेय, असा फोन तिनं मुद्दामच केला नाही.

दार उघडंच होतं. रेवा शाळेत आणि सासूबाई मागच्या अंगणात असणार. सुयोग हॉलमध्ये निशिगंधाची फुलं फुलदाणीत लावत होता. संध्याकाळची तयारी चालली होती. शर्वरी उंबरा ओलांडून आत आली आणि काही न बोलता उभी राहिली. हवा होता तो क्षण तिनं पुरता भोगायचा ठरवला होता.

सुयोगनं वर बघितलं, आणि तो थबकला.

त्यानं तिचे खांद्यापर्यंतचे केस बघितले, त्यातले पांढरे बघितले, गाल, हनुवटी, तो सैल शर्ट, सगळं बघितलं. मग त्यानं सभ्य माणसासारखी नजर बाजूला घेतली आणि हसला. पाहुण्यांकडे बघून हसतात तसं हसला.

“या ना, या,” त्यानं सोफ्यावरचा पेपर उचलून जागा करून दिली. “शर्वरी जरा बाहेर गेलीय. संध्याकाळपर्यंत येईल.”

इतक्या अदबीनं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. शर्वरीनं चपला काढल्या, करून दिलेल्या जागेवर ती अंग चोरून बसली आणि तिनं पर्स मांडीवर ओढून घेतली.

“बसते मी,” ती म्हणाली. “बघते, येते का ती.”

आवाज ऐकला मात्र, सुयोगच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं, आणि त्याचा हात आपसूक चष्म्याच्या दांडीकडे गेला.